गर्ट्रूड स्टाइन कॉलेजात बोलायला येतात: केंब्रिज आणि ऑक्सफर्ड, १९२६

केंब्रिज विद्यापीठाच्या साहित्य मंडळाच्या अध्यक्षांचं निमंत्रण पॅरिसला पोचलं आणि तिथे राहणाऱ्या अमेरिकन प्रयोगशील लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांनी तातडीने नकार कळवून टाकला. वय बावन्नच्या घरात, लिहायला लागून वीसेक वर्षं झालेली, पिकासोपासून सगळे चित्रकार घरी येऊन गेलेले; पण सभागृहात उभं राहून अनोळखी मुलांसमोर बोलायचं म्हटल्यावर बाईंचे हातपाय गळाले. पुढे तो नकार फिरला आणि जून १९२६ मध्ये केंब्रिज आणि ऑक्सफर्ड अशी दोन व्याख्यानं झाली. प्रयोगशील लेखकाला कॉलेजात बोलावताना काय साधतं आणि कुठे घोळ होतो, हे पाहायला हे प्रकरण सोयीचं आहे. व्याख्यानाचा मजकूर छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तयारी कशी झाली, प्रश्न कोणते आले, याची हकीकत लिहिलेली आहे. शिवाय आठ वर्षांनी याच बाई अमेरिकेतली विद्यापीठं फिरल्या तेव्हा अटी त्यांच्या स्वतःच्या होत्या. पहिल्या खेपेला कुठे टोचलं होतं, ते या अटींवरून बरंचसं ताडता येतं.

निमंत्रणाच्या वेळची स्थिती

१९२६ साली स्टाइनबाईंचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं होतं, पुस्तक मात्र फार थोड्यांनी वाचलेलं. 'थ्री लाइव्ह्ज' १९०९ सालचं, 'टेंडर बटन्स' १९१४ सालचं. 'द मेकिंग ऑफ अमेरिकन्स' ही सव्वानऊशे पानांची कादंबरी १९११ मध्येच लिहून झाली होती, ती छापून यायला १९२५ उजाडलं, तेही ५०० प्रतींत. म्हणजे सभागृहात येणाऱ्या मुलाकडे असणार होती ती ऐकीव माहिती आणि थट्टेच्या नकला. प्रयोगशील लेखकाच्या बाबतीत हे नेहमीचंच. श्रोता कोऱ्या पाटीने येत नाही, 'ते कळत नाही म्हणे' एवढं मत खिशात घालून येतो.

नकार फिरवला तो इंग्रज कवयित्री ईडिथ सिटवेल यांनी. स्टाइनबाईंच्या लेखनाबद्दल आधी हातचं राखून लिहिणाऱ्या सिटवेल पुढे त्यांच्या खंद्या पुरस्कर्त्या झाल्या होत्या. त्यांचं पत्र आलं: 'नाही'चं 'हो' झालंच पाहिजे, आणि तुम्ही केंब्रिजला 'हो' म्हणण्याचीच ऑक्सफर्डवाले वाट पाहत आहेत. यातली दुसरी गोष्ट व्यवहाराची. दोन ठिकाणं एका प्रवासात बसली की पॅरिसहून येण्याचे श्रम सार्थकी लागतात, आणि पहिल्या ठिकाणी घसरलं तर दुसऱ्या ठिकाणी सावरता येतं.

असा नकार मानधनासाठी किंवा मानासाठी क्वचितच असतो. खरी भीती ही की आपल्याला आपल्याच लेखनाचा खुलासा दुसऱ्यांच्या भाषेत करायला लावतील. ती घालवायला लेटरहेडवरचं 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनाचा लाभ व्हावा' कामाला येत नाही. लेखक ज्याच्या वाचनावर विश्वास ठेवतो असा कुणीतरी मध्ये लागतो. आपल्याकडच्या कॉलेजांतल्या वाङ्मय मंडळाच्या प्राध्यापकांनी पहिलं पत्र धाडण्याआधी असा माणूस शोधून ठेवलेला बरा.

मजकूर: माँरूजची शेड

त्या हिवाळ्यात बाईंची जुनी फोर्ड गाडी दर दोन दिवसांनी काहीतरी कुरकुर करत होती. चांगली गॅरेजं असल्या म्हाताऱ्या फोर्डकडे ढुंकून बघत नसत, म्हणून त्या ती पॅरिसच्या कडेला माँरूजमधल्या एका शेडमध्ये नेत. गाडी तिथे सोडून जायची सोय नव्हती. सुटे भाग जागेवर राहतील याची खात्री नव्हती. एका गारठलेल्या दुपारी, दुसऱ्या एका मोडक्या फोर्डच्या पायरीवर बसून, आपली गाडी खोलली जाते आहे आणि परत जोडली जाते आहे हे बघत त्यांनी लिहायला सुरुवात केली. काही तासांनी थंडीने काकडत घरी आल्या तेव्हा गाडी दुरुस्त होती आणि 'कॉम्पोझिशन ॲज एक्स्प्लनेशन' हे अख्खं व्याख्यान लिहून झालं होतं.

मजकुराची रचना बारकाईने बघण्यासारखी आहे. सुरुवातीला एक मोठं विधान येतं: पिढ्यांमध्ये फरक पडतो तो प्रत्येक पिढी काय बघते आहे यामुळे, आणि त्या बघण्यातूनच त्या काळाची रचना ठरते. मग कलावंताची गोष्ट. कुणीही आपल्या काळाच्या पुढे नसतो, फक्त काळ घडवण्याची त्याची तऱ्हा समकालीनांना पटत नाही. म्हणून नवी रचना करणारा बराच काळ बहिष्कृत असतो आणि मग एकाएकी अभिजात होतो. मधला टप्पा जवळपास नसतोच. इतकं झाल्यावर बाई आपल्याच पुस्तकांकडे वळतात आणि सालवार सांगतात: 'थ्री लाइव्ह्ज'मध्ये वर्तमानकाळ कसा लांबवला, पुढच्या मोठ्या कादंबरीत तो अखंड कसा चालू ठेवला, पुन्हा पुन्हा सुरुवात करणं हे तंत्र कुठून आलं.

श्रोत्याला हात धरायला जागा मिळते ती या सालवारीत. वाक्यं त्यांच्या नेहमीच्या धाटणीची, घोळवून घोळवून येणारी, स्वल्पविरामांची काटकसर करणारी. पण खालचा सांगाडा सरळ आहे: आधी हे लिहिलं, मग ते, आणि प्रत्येक वेळी अडचण अमुक होती. 'सोपं करून सांगा' ही मागणी त्यांनी वाक्याच्या पातळीवर साफ धुडकावली आणि क्रमाच्या पातळीवर मान्य केली. व्याख्यान हाच नमुना होता. लेखनाबद्दल बोलताना लेखनाची रीत सोडली नाही, म्हणून मजकूर आजही वाचला जातो. आपल्याकडे उलटं होतं. कथेत काळाची मोडतोड करणारा लेखक व्यासपीठावर आला की 'साहित्याची सामाजिक बांधिलकी' या विषयावर गुळगुळीत बोलतो, कारण पत्रिकेवर विषयच तो छापलेला असतो.

व्याख्यानाला जोडून नमुन्यादाखल वाचायचे लहान तुकडेही होते. पुढे पुस्तकात असे चार छापले गेले, त्यांत एक खुद्द ईडिथ सिटवेलवरचं शब्दचित्र. ही जोड महत्त्वाची ठरली, कारण ऑक्सफर्डला सगळ्यांत नेमका प्रश्न आला तो भाषणावर नाही, एका तुकड्यातल्या ओळीवर.

वाचून दाखवण्याचा प्रश्न

लिहून झालं तरी धास्ती गेली नाही. घरी येईल त्याला बाई मजकूर वाचून दाखवत. कधी येणाऱ्याकडून वाचून घेत. एकाने इंग्रजी थाटात वाचायला शिकवलं, दुसरीचा आग्रह अमेरिकन थाटाचा. एका वयोवृद्ध फ्रेंच प्राध्यापकांनी सल्ला दिला: जमेल तितकं भरभर बोला आणि मान वर करू नका. आधीच्या सल्लागाराचं म्हणणं नेमकं विरुद्ध: जमेल तितकं सावकाश बोला आणि मान खाली घालू नका. बाईंच्या सहचारिणी ॲलिस टोक्लस यांनी या वादात न पडता नवा पोशाख आणि नवी टोपी शिवायला टाकली. व्याख्यानाच्या तयारीत एवढी एकच गोष्ट निर्विवाद उपयोगाची निघाली असावी.

दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण मजकूर वेगवेगळे. युक्तिवाद सरळ रेषेत जाणारा असेल तर सावकाश वाचन आणि श्रोत्यांशी नजरानजर उपयोगी. वाक्य पुनरुक्तीवर उभं असेल तर अतिसावकाश वाचनाने ते मोडतं: पहिला फेरा विरतो, दुसरा आला तेव्हा तो फेरा आहे हे कानाला समजत नाही. विरामचिन्हं कमी असली की ते काम आवाजाला करावं लागतं. म्हणून कुठे श्वास घ्यायचा ते पेन्सिलीने मजकुरावर आधी खुणावून ठेवावं. मराठी दाट गद्य मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द जातात. चाळीस मिनिटांचं वाचन म्हणजे चार ते पाच हजार शब्द, आणि त्याहून जास्त मजकूर आणलेला असेल तर तो उरकला जाणार हे नक्की.

दोन सभागृहं

केंब्रिजला आधी जेवण, मग व्याख्यान. बाई थोड्याच वेळात रुळल्या. नंतर पुरुषांनी भरपूर प्रश्न विचारले, उत्साहाने विचारले. बायका गप्प. त्यांनी बोलू नये असा संकेत आहे की त्या आपणहून बोलत नाहीत, असा प्रश्न स्टाइनबाईंना पडला, पण त्याचं उत्तर मिळालं नाही. केंब्रिज त्या काळी बायकांना पूर्ण सदस्यत्वाची पदवी देत नव्हतं, ती मिळायला १९४८ साल यावं लागलं. हे लक्षात घेतलं की त्या शांततेचा अर्धा खुलासा होतो. वक्ती बाई असली म्हणून श्रोत्यांतल्या बायका आपोआप बोलत्या होत नाहीत.

ऑक्सफर्डचं निमंत्रण हॅरल्ड ॲक्टन या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने आलेलं. खोली गच्च भरलेली, मागे मुलं उभी, ईडिथ आणि तिचे दोन भाऊ अशी तिन्ही सिटवेल भावंडं हजर. व्याख्यानानंतरची चर्चा तासभर किंवा त्याहून जास्त चालली आणि कुणी उठून गेलं नाही. सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न अपेक्षितच: असं लिहिणं बरोबर आहे असं तुम्हाला का वाटतं? बाईंनी बचाव केला नाही. मुद्दा कुणाला काय वाटतं हा नाही. मी वीसेक वर्षं असं लिहिते आहे आणि आज तुम्हाला माझं व्याख्यान ऐकायचं आहे. त्याने काही सिद्ध होत नाही, पण कदाचित काहीतरी सूचित होतं. सभा हसली.

मग एक गृहस्थ ताडकन उठले. पुढे कळलं की ते कॉलेजचे डीन. एका तुकड्यात चंद्राभोवतीच्या खळ्याबद्दल वाक्य होतं, खळं चंद्रामागून जातं असं. वाक्याचा तोल अप्रतिम आहे हे त्यांना मान्य. पण खळं खरोखर चंद्रामागून जातं का? बाईंनी विचारलं, चंद्राकडे बघताना त्याला खळं असलं आणि चंद्र सरकला, तर खळं मागून जात नाही? तसं भासत असेल, ते म्हणाले. मग ते जात नाही हे तुम्हाला कशावरून कळलं? गृहस्थ खाली बसले. लगेच शेजारचे प्राध्यापक उठले. असं आळीपाळीने बऱ्याचदा झालं. शेवटी डीन म्हणाले, सगळं सारखंच असूनही सगळं नेहमी वेगळं असतं असं तुम्ही म्हणता, ते कसं? उत्तर: तुम्हा दोघांकडेच पाहा. एकामागून एक उठता, ते सारखंच. पण तुम्ही दोघं वेगळे आहात हे तर मान्य कराल? सभा तिथेच संपली.

ही उत्तरं हजरजबाबी आहेत, पण त्यांचा उपयोग त्याहून मोठा आहे. दोन्ही वेळा बाई सिद्धान्ताकडे पळाल्या नाहीत. पहिल्यांदा ओळीकडे परत गेल्या आणि ओळ जे बघायला सांगते ते प्रश्नकर्त्याला बघायला लावलं. दुसऱ्यांदा व्याख्यानातलं सूत्र त्या खोलीतल्याच एका गोष्टीवर लावून दाखवलं. 'याचा अर्थ काय?' या प्रश्नाला प्रयोगशील लेखकाकडे असणारं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर याच जातीचं असतं.

इथे एक सावधगिरी हवी. ही हकीकत प्रामुख्याने 'द ऑटोबायोग्राफी ऑफ ॲलिस बी. टोक्लस' या १९३३ च्या पुस्तकात आहे, आणि टोक्लस यांच्या तोंडून सांगितलेलं ते पुस्तक लिहिलंय खुद्द स्टाइनबाईंनी. त्यात विरोधक नेहमी खाली बसतात आणि एक श्रोता जाताना सांगतो की तत्त्वज्ञ कांटचा ग्रंथ वाचल्यानंतरचा हा आपला सर्वांत मोठा अनुभव. डीनने सांगितलेली हकीकत वेगळी असती. तरीही चर्चा रंगली एवढं मानायला हरकत नाही. १९२६ मध्येच लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने ते व्याख्यान पुस्तिका म्हणून काढलं.

आठ वर्षांनंतरच्या अटी

२४ ऑक्टोबर १९३४ रोजी बाई अमेरिकेत उतरल्या, आता गाजलेल्या लेखिका म्हणून. सहा व्याख्यानं आधीच लिहून आणलेली: इंग्रजी साहित्य, चित्रं, नाटकं, आपली मोठी कादंबरी कशी घडली, शब्दचित्रं आणि पुनरुक्ती, कविता आणि व्याकरण. आयोजकांनी यांतलं एक निवडायचं. श्रोते पाचशेपेक्षा जास्त नकोत. कुणी परिचय करून द्यायचा नाही. शिक्षणसंस्थांना दर कमी, क्लबांना जास्त. कोलंबिया विद्यापीठात ठरल्यापेक्षा जास्त श्रोते येणार असं कळल्यावर आकडा खाली येईपर्यंत व्याख्यान होणार नाही, असं टोक्लसबाईंनी ठणकावलं. प्रिन्स्टनला गर्दी आवरायला पोलीस लागले.

हा नखरा नव्हता. विषय खुला ठेवला की आयोजक भलताच विषय देतात. परिचय करून देणारा माणूस 'काहीशा दुर्बोध, तरीही' असं म्हणून श्रोत्यांना न समजण्याची परवानगी देऊन बसतो. आणि वाचलं जाणारं गद्य एका मर्यादेपलीकडे सभागृहात पोचत नाही. हजार माणसांना वक्तृत्व लागतं, वाचन पुरत नाही.

आपल्या वाङ्मय मंडळात

पाचशे हा तिथला आकडा झाला. तालुक्याच्या कॉलेजात साठ ते शंभर श्रोते पुरे. हजेरीपट फिरवून तीनशे मुलं बसवली की मागच्या दोनशेंचं कुजबुजणं पुढच्या शंभरांना ऐकू येतं. अहवालासाठी आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी गर्दीचा फोटो लागतो हे खरं. लहान खोली पूर्ण भरलेली असली की फोटोही बरा येतो.

सगळ्यांत महागात पडतो तो सोपस्कारांचा वेळ. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मंचावरच्या प्रत्येकाचं मनोगत, सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. दहाचा कार्यक्रम साडेदहाला सुरू होतो आणि वक्ता माईकपाशी येतो तेव्हा सव्वाअकरा झालेले असतात. प्राचार्यांना मीटिंग असते, बारा वाजता मुलांची एसटी असते. कापला जातो तो वेळ प्रश्नोत्तरांचा, म्हणजे ऑक्सफर्डला ज्यामुळे सभा लक्षात राहिली नेमका तोच. दीड तास हातात असेल तर स्वागताला पाच मिनिटं, वाचनाला चाळीस, एक-दोन नमुन्यांना दहा, प्रश्नांना पस्तीस. सत्कार आधी स्टाफरूममध्ये उरकावा. अध्यक्षीय समारोप ठेवू नये. पन्नास मिनिटं ऐकलेल्या गुंतागुंतीच्या गोष्टीचं 'थोडक्यात काय तर' असं सार निघालं की मुलं तेवढंच वहीत लिहून घेतात.

आठ-दहा दिवस आधी लेखकाची दोनच पानं झेरॉक्स करून वाटावीत, आख्खी कथा नको. दोन पानं वाचली जातात, वीस नाहीत. पानं निवडायची लेखकाने. प्राध्यापक निवडतात तेव्हा त्यातल्या त्यात सोपी निवडतात आणि मग व्याख्यान वेगळ्याच लेखकाबद्दल आहे असं वाटतं. वाचनाचा मजकूर मोठ्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला, पानांवर आकडे घालून. टेबलावर बुटका स्टँडमाईक आणि पानावर पडेल असा दिवा हवा, कारण उंच पोडियमला हातात धरायचा माईक दिला की एक हात अडकतो आणि पानं उलटताना वाक्य तुटतं. प्रश्नांसाठी दुसरा माईक घेऊन दोन मुलं फिरती ठेवावीत. सोबत कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात. केंब्रिजच्या गप्प बसलेल्या बायकांसारखा एक गट प्रत्येक सभागृहात असतो आणि चिठ्ठीवर तो बऱ्याचदा सगळ्यांत धारदार प्रश्न विचारतो.

खोचक प्रश्न आला तर आयोजकाने मध्ये पडू नये. 'पाहुण्यांचा मान राखा' म्हटलं की चर्चा मेली. फक्त एक नियम सांगून ठेवावा: प्रश्न शक्यतो वाटलेल्या पानांतल्या किंवा आत्ता ऐकलेल्या एखाद्या ओळीवर असावा. मग 'तुम्ही कुणासाठी लिहिता?' यावर वीस मिनिटं जात नाहीत.

मानधन आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्यावा, व्हाउचरवर सही घेऊन. मजकूर मंडळाच्या वार्षिकांकात छापायचा असेल तर परवानगी लेखी, आणि मुद्रितं लेखकाकडे एकदा गेलीच पाहिजेत. प्रयोगशील गद्यात जोडलेले शब्द आणि गाळलेले स्वल्पविराम 'दुरुस्त' करून छापणारे मुद्रितशोधक आपल्याकडे कमी नाहीत.

एक व्याख्यान कमी पडतंय असं वाटलं तर दुसरं मोठं व्याख्यान ठेवण्याची गरज नाही. शिकागो विद्यापीठाने १९३५ च्या मार्चमध्ये स्टाइनबाईंना परत बोलावलं ते चार व्याख्यानांसाठी आणि निवडक विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी. मुलं निवडायचं काम कादंबरीकार थॉर्नटन वाइल्डर यांनी केलं. त्या मुलांसमोर गुलाबाच्या ओळीवरून प्रश्न निघाला, 'गुलाब गुलाब आहे' असं परत परत म्हणणारी बाईंची ती बदनाम ओळ. बाईंचं उत्तर होतं की इंग्रजी कवितेत शंभर वर्षांनी पहिल्यांदा त्या ओळीत गुलाब लाल झाला आहे. ते उत्तर वाइल्डरने नोंदवून ठेवलं.